क्रिएटिव्ह आयमीडिया घ्यावा का? इंग्लंडमधल्या मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इयर नाईनच्या मध्यावर (काही शाळांत इयर एटमध्येच) ऑप्शन्सची, म्हणजे पुढच्या दोन वर्षांचे विषय निवडायची पुस्तिका घरी येते आणि ओळखीच्या मराठी घरांतून मला फोन सुरू होतात. इतिहास, भूगोल, फ्रेंच, कॉम्प्युटर सायन्स हे विषय सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्यामध्ये 'क्रिएटिव्ह आयमीडिया' असं एक नाव असतं आणि घोडं तिथे अडतं. मी इंग्लंडमधल्या एका माध्यमिक शाळेत हा विषय शिकवते. फोनवर जे तुकड्यातुकड्यांनी सांगते ते इथे सविस्तर लिहिलं आहे. यातलं सगळं इंग्लंडच्या शाळांबद्दल आहे. स्कॉटलंडची परीक्षापद्धत वेगळी आहे.

हा विषय म्हणजे नेमकं काय?

ओसीआर या परीक्षा मंडळाची ही पात्रता आहे. पूर्ण नाव 'केंब्रिज नॅशनल इन क्रिएटिव्ह आयमीडिया', कोड जे८३४. सध्याचा अभ्यासक्रम सप्टेंबर २०२२ पासून शिकवला जातो. मुलं तो इयर टेन आणि इलेव्हनमध्ये घेतात, म्हणजे आपल्याकडच्या नववी-दहावीच्या वयात. वर्गातले साधारण १२० तास धरलेले असतात आणि वजन एका जीसीएसईइतकं (इयर इलेव्हनच्या शेवटी होणाऱ्या एका विषयाच्या परीक्षेइतकं) असतं.

पोस्टर, लोगो, कॉमिक, ॲनिमेशन, ॲप, फोटो, व्हिडिओ, गेम अशा गोष्टी कशा ठरवतात, कशा बनवतात आणि लोकांपर्यंत कशा पोचवतात, हे यात शिकायचं असतं. यातल्या 'ठरवतात' या भागाकडे पालकांचं आणि मुलांचंही लक्ष जात नाही. खरं तर निम्म्याहून जास्त जीव तिथेच आहे.

तीन घटक असतात. आर०९३ ही दीड तासाची, ७० गुणांची लेखी परीक्षा. तिचं वजन ४० टक्के आणि ती अभ्यासक्रमाच्या शेवटी होते. आर०९४ हा व्हिज्युअल आयडेंटिटी (लोगो, रंग, अक्षरं यांतून दिसणारी ओळख) आणि डिजिटल ग्राफिक्सचा प्रकल्प, २५ टक्के. उरलेले ३५ टक्के पाच पर्यायांपैकी एकाचे: पात्रं आणि कॉमिक, ध्वनीसह ॲनिमेशन, इंटरॲक्टिव्ह मीडिया, फोटो-व्हिडिओ किंवा डिजिटल गेम्स. पर्याय मुलांना निवडता येतो असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा शाळाच ठरवते, कारण शिक्षक आणि संगणक त्या कामाचे लागतात. गेम करायला मिळणार म्हणून मुलगा विषय घेतो आणि शाळा कॉमिक शिकवते, असं होऊ नये म्हणून हे आधीच विचारून घ्या.

जीसीएसई मीडिया स्टडीज आणि हा विषय एकच का?

नाही. दोन्हींच्या नावात मीडिया आहे आणि साम्य बरंचसं तिथेच संपतं. मीडिया स्टडीजमध्ये ७० टक्के लेखी परीक्षा असते आणि ३० टक्के प्रत्यक्ष काम. वर्तमानपत्राचं पहिलं पान, जाहिरात, मालिका, संगीताचा व्हिडिओ, गेम यांचं विश्लेषण करायचं. भाषा कशी वापरली आहे, कोणाला कसं दाखवलं आहे, धंदा कोणाचा आहे, प्रेक्षक कोण आहे, या चार अंगांनी लिहायचं. ज्या मुलाला वाचायला आणि मुद्दे मांडायला आवडतं त्याला हा विषय छान मानवतो. क्रिएटिव्ह आयमीडियात गणित उलट आहे: ६० टक्के करून दाखवायचं, ४० टक्के लिहायचं.

तिसरं नाव कानावर येतं ते बीटेकचं (आपली इंजिनिअरिंगची पदवी नव्हे, ही शालेय पात्रता आहे). पिअर्सन या परीक्षा मंडळाचा 'टेक अवॉर्ड इन क्रिएटिव्ह मीडिया प्रॉडक्शन' हाही व्यवसायाभिमुख आहे आणि त्यातला ४० टक्क्यांचा शेवटचा घटक म्हणजे दिलेल्या ब्रीफवर (ग्राहकाला काय हवं ते सांगणाऱ्या कागदावर) काही तरी तयार करणं. तुमच्या शाळेत या तिन्हींपैकी बहुधा एकच असेल. पुस्तिकेतलं पूर्ण नाव वाचा, अंदाजाने ठरवू नका.

वर्गात प्रत्यक्ष काय करतात?

समजा ब्रीफ असं आहे: कालव्यावर बोटीच्या सहली काढणारा एक छोटा व्यवसाय आहे. आत्तापर्यंत त्यांच्याकडे निवृत्त जोडपी यायची. आता लहान मुलं असलेली कुटुंबं यायला हवीत. त्यांना नवी ओळख आणि एक पोस्टर करून द्या.

पहिल्या तासाला वर्गातली निम्मी मुलं थेट संगणक उघडून बोटीचं चित्र शोधायला लागतात. त्यांना थांबवणं हेच माझं त्या दिवसाचं काम. आधी ब्रीफ वाचायचं. कोणासाठी? पालक ठरवणार, पण हट्ट मुलं करणार, म्हणजे पोस्टरने दोघांशी बोलायला हवं. मग दुसऱ्या बोटवाल्यांचे लोगो बघायचे. मग मूड बोर्ड: रंग, पोत, अक्षरं, फोटो एका पानावर. त्यानंतर व्हिज्युअलायझेशन डायग्राम, म्हणजे पोस्टरचा हाताने काढलेला कच्चा आराखडा आणि बाजूने टिपणं. शीर्षक किती मोठं, कुठला फॉन्ट, हा रंग का.

'का' या शब्दापाशी खरी परीक्षा सुरू होते. "निळा घेतला कारण मला आवडतो" याला गुण नाहीत. "कालव्याचं पाणी प्रत्यक्षात मातकट हिरवं असतं, पण कुटुंबांना स्वच्छ आणि सुरक्षित वाटावं म्हणून निळा घेतला आणि वर पिवळा ठेवला, कारण पोस्टर कॅफेच्या काचेवर लागणार आहे आणि ते लांबून दिसायला हवं" याला गुण आहेत. चौदा-पंधरा वर्षांचं मूल स्वतःची आवड बाजूला ठेवून दुसऱ्या माणसाच्या गरजेने विचार करायला लागतं, तो बदल मी दर वर्षी बघते. मला हा विषय मनापासून मोलाचा वाटतो तो यासाठी.

त्यानंतर संगणक. लोगो व्हेक्टरमध्ये, म्हणजे व्हिजिटिंग कार्डावर आणि बोटीच्या बाजूवर तोच वापरता येईल आणि कडा फाटणार नाहीत. पोस्टरमधले फोटो बिटमॅप, म्हणजे ठिपक्या-ठिपक्यांचे. प्रत्येक फोटो, फॉन्ट, चिन्ह कुठून आणलं आणि ते वापरायची परवानगी आहे का, याची नोंद एका तक्त्यात. शेवटी छपाईसाठी एक फाइल आणि वेबसाठी दुसरी.

लेखी परीक्षेत काय विचारतात? पाठांतर लागतं का?

लागतं. "प्रॅक्टिकल विषय आहे, अभ्यास कसला" असं म्हणणारी मुलं इथेच गुण घालवतात, आणि ४० टक्के म्हणजे थोडेथोडके नव्हेत.

माध्यम उद्योगातली कामं माहीत असावी लागतात: कॅमेरामन काय करतो, कॉपीरायटर काय करतो, काम सुरू होण्याआधी कोण लागतं आणि संपल्यावर कोण. प्रेक्षकांचे गट कसे पाडतात, कॅमेरा खालून वर लावला तर माणूस दांडगा का दिसतो, हे येतं. स्टोरीबोर्ड, वायरफ्रेम (ॲप किंवा वेबपानाचा कच्चा सांगाडा), स्क्रिप्ट, फ्लोचार्ट यांतलं कुठलं कशासाठी वापरायचं, हे पक्कं हवं. परीक्षेत अर्धवट स्टोरीबोर्ड देऊन "यात काय सुधाराल आणि का" असं विचारलं की ज्याने वर्षभर मन लावून स्टोरीबोर्ड केलेले असतात त्याला उत्तर सुचतं, नुसती व्याख्या पाठ केलेल्याला सुचत नाही.

कायद्याचा भाग मोठा आहे. कॉपीराइट, ट्रेडमार्क, बदनामी, खासगीपणा, माहितीचं संरक्षण. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं कॉपीराइट राहतो (भारतात ६०). जाहिरातींवर एएसए लक्ष ठेवतं, प्रसारणावर ऑफकॉम, चित्रपटांना यू, पीजी, १२ए, १५, १८ अशी वर्गवारी बीबीएफसी देतं आणि गेम्सना ३, ७, १२, १६, १८ असे पेगीचे आकडे असतात. घरात गेमच्या वयावरून वाद होत असेल तर त्या आकड्याचा अर्थ तुमचं मूलच तुम्हाला समजावून सांगेल.

आणि थोडं तांत्रिक: पिक्सेल, रिझोल्यूशन, बिट डेप्थ, सॅम्पल रेट, फाइल दाबली की काय गमावतं. एक उदाहरण देते, कारण इथे मुलं हमखास अडखळतात. ए४ पान ३०० पिक्सेल प्रति इंच या दर्जाने छापायचं तर चित्र २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं लागतं. इंटरनेटवरून उचललेलं ८०० पिक्सेल रुंदीचं चित्र त्याच दर्जाने छापलं तर पावणेतीन इंचही भरत नाही. पडद्यावर चकचकीत दिसलेलं पोस्टर छापल्यावर धूसर का येतं याचं उत्तर एवढंच आहे, आणि आपल्या मंडळांच्या अर्ध्या फ्लेक्सवरचे चेहरे असेच फुटलेले असतात.

ग्रेड कशा देतात?

जीसीएसईचे ९ (सर्वांत वर) ते १ हे आकडे इथे नसतात. सर्वांत वर लेव्हल २ डिस्टिंक्शन स्टार, मग डिस्टिंक्शन, मेरिट, पास. त्याखाली लेव्हल १ मध्ये डिस्टिंक्शन, मेरिट, पास. शाळांच्या गुणांकनात डिस्टिंक्शन स्टारला ८.५, डिस्टिंक्शनला ७, मेरिटला ५.५ आणि लेव्हल २ पासला ४ गुण धरतात. प्रकल्प शाळेतले शिक्षक तपासतात आणि त्यांतले नमुने मंडळ पुन्हा तपासून बघतं, त्यामुळे शिक्षकाने मनाने गुण वाढवले असं होत नाही.

हा सोपा विषय आहे का? "ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी" असं ऐकलं.

पास होणं तुलनेने सोपं आहे. वरची ग्रेड मिळवणं सोपं नाही. दोन वर्षं सातत्याने, वेळेत, नोंदी ठेवत काम करावं लागतं. शेवटच्या महिन्यात जागून भरून काढता येत नाही, कारण प्रकल्प तोवर जमा झालेले असतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात झटून ९ मिळवणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. त्या सवयीने इथे मेरिटच्या वर जाता येत नाही.

कुठलाही विषय 'कमी हुशार मुलांचा' म्हणून बाजूला टाकण्याची आपल्या घरांतली रीत मला पटत नाही. विज्ञान शाखेला न गेलेल्या मुलाकडे बघायची आपली जुनी नजर आपण विमानातून इथवर आणली आहे. मूल ती नजर ओळखतं.

चित्रकला चांगली असायला हवी का?

असेल तर आनंदच, पण अट नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेले पालक हे विचारतात. तिथे रेषेवरचा हात, रंगाची सफाई, स्थिरचित्र यांना गुण होते. इथे आराखडा काड्यांच्या माणसांचा असला तरी चालतो, टिपणं नेमकी हवीत. अपवाद कॉमिकच्या घटकाचा: तिथेही पात्र सॉफ्टवेअरमध्ये बांधता येतं, पण चित्राची आवड असलेल्या मुलाला ते जास्त मनापासून करावंसं वाटतं. ज्याला कागद-रंगांतच रमायचं आहे त्याने सरळ आर्ट घ्यावं.

आम्ही दोघंही आयटीत. कॉम्प्युटर सायन्सच्या ऐवजी हा घेतला तर चालेल?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. रेडिंग, स्लाव, मिल्टन कीन्सकडच्या घरांतून तर हमखास.

ऐवजी, नाही. हे दोन विषय एकमेकांची जागा घेत नाहीत. गोंधळ होण्याचं कारण असं की पूर्वी जीसीएसई आयसीटी नावाचा मधला विषय होता. त्याची शेवटची परीक्षा २०१८ च्या सुमारास झाली आणि त्यानंतर ज्यांना संगणक वापरून काही करायचं होतं पण प्रोग्रामिंग नको होतं, ती मुलं मोठ्या प्रमाणावर क्रिएटिव्ह आयमीडियाकडे आली. म्हणून अजूनही लोक याला 'सोपं कॉम्प्युटर सायन्स' समजतात. यात ना अल्गोरिदम आहे, ना बायनरी, ना पायथॉन. पुढे ए लेव्हलला (जीसीएसईनंतरची दोन वर्षं) कॉम्प्युटर सायन्स घ्यायचं असेल तर जीसीएसई कॉम्प्युटर सायन्स घ्या आणि गणित पक्कं करा. या विषयाची तिथे मदत होणार नाही.

दोन्ही घ्यायला शाळा परवानगी देत असेल तर मी आनंदाने हो म्हणेन. उत्तम प्रोग्राम लिहिणारा आणि तो वापरणाऱ्या माणसाचा विचार करणारा मुलगा दुर्मीळ असतो. तुमच्या ऑफिसात असे किती जण आहेत ते आठवून बघा.

सिक्स्थ फॉर्म आणि विद्यापीठाला हे चालतं का?

बहुतेक सिक्स्थ फॉर्म (ए लेव्हलचे वर्ग) याला एक जीसीएसई धरून चालतात. काहींचे नियम मात्र "पाच जीसीएसई, इंग्रजी आणि गणितासह" असे असतात आणि त्या पाचांत हा धरायचा की नाही हे प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं. मुलाच्या बाकीच्या सात-आठ जीसीएसई असतील तर हा प्रश्न उद्भवत नाही.

विद्यापीठांचा भर ए लेव्हल किंवा तत्सम पात्रतेवर असतो. मेडिसिनची बाब वेगळी. काही मेडिकल स्कूल जीसीएसईच्या ग्रेड मोजून बघतात आणि व्यवसायाभिमुख विषय त्यात धरत नाहीत. डॉक्टर व्हायचं पक्कं असेल तर ज्या चार-पाच जागी अर्ज करणार तिथले नियम आत्ताच वाचा. हे मी विषयाची शिक्षिका असूनही सांगते.

याच वाटेने पुढे जायचं असेल तर ए लेव्हल मीडिया स्टडीज आहे, क्रिएटिव्ह मीडियाचे लेव्हल ३ डिप्लोमे आहेत आणि माध्यम-प्रसारण-निर्मितीचं टी लेव्हल (ए लेव्हलच्या तोडीचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम) आहे, ज्यात उद्योगात जाऊन काम करणं हा अभ्यासाचाच भाग असतो.

दिवसभर रील्स बघतो. म्हणजे या विषयाला योग्य ना?

एवढ्यावरून नाही. रील्स बघताना तो कधी म्हणतो का, "इथे कट चुकलाय", "याने आवाज आधी आणला बघ"? शाळेच्या सादरीकरणात फॉन्ट बदलत बसतो का? मित्राच्या वाढदिवसाचं कार्ड स्वतः करतो का? तर हो. नुसतं बघणं ही आवड प्रेक्षकाची आहे, आणि प्रेक्षक असण्यात काही वाईट नाही, फक्त त्याची परीक्षा घेत नाहीत.

घरी महागडं सॉफ्टवेअर, आयपॅड, ड्रॉइंग टॅब्लेट लागतं का?

काहीही लागत नाही. प्रकल्प शाळेत, शाळेच्या संगणकावर होतात. सराव करायचा असेल तर फोटोपीया ब्राउझरमध्ये फुकट चालतं आणि दिसायला फोटोशॉपच्या जवळचं आहे. व्हेक्टरसाठी इंकस्केप, चित्रासाठी क्रिटा, आवाजासाठी ऑडॅसिटी, त्रिमितीसाठी ब्लेंडर. सगळी मोफत. मोबाइलचा कॅमेरा पुरतो. वाढदिवसाला काही द्यायचंच असेल तर एक साधा ट्रायपॉड द्या.

कोर्सवर्कमध्ये आम्ही मदत केली तर? आणि एआय?

करू नका. हा विषय पालकांच्या उत्साहाने अडचणीत येऊ शकतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मंडळाने दिलेली असाइनमेंट मुलाने स्वतः, शिक्षकांच्या देखरेखीखाली करायची असते. त्या कामावर शिक्षकानेही "हे असं कर" असं थेट सांगायचं नसतं, निकषांकडे बोट दाखवायचं असतं. शेवटी काम स्वतःचंच आहे अशा जाहीरनाम्यावर मूल सही करतं. मग बाबांनी रात्री लोगो 'थोडासा नीट' करून दिला तर ती सही खोटी ठरते.

एआयबद्दल सर्व मंडळांचे सामायिक नियम आहेत. वापर केला तर कुठलं साधन, केव्हा, कशासाठी हे लिहावं लागतं, आणि एआयने केलेल्या भागाला मुलाचं कौशल्य म्हणून गुण मिळत नाहीत. एआयने काढलेलं चित्र स्वतःचं म्हणून दिलं तर ती गैरवर्तणूक धरली जाते, आणि त्यापायी घटकच काय, अख्खी पात्रता हातची जाऊ शकते. आम्ही ओळखतो का? बहुतेक वेळा ओळखतो, कारण आराखडा एक आणि चित्र भलतंच निघतं. आणि मुलाला "हा थर कसा केलास, दाखव" म्हटलं की कळतंच.

मग पालकांनी करायचं काय? बोलायचं. बसथांब्यावरची जाहिरात दिसली की विचारा, ही कोणासाठी आहे? ओटमीलच्या डब्यावर तपकिरी रंग का असेल? लेखी परीक्षेच्या सरावाला यापेक्षा चांगली मदत नाही.

मराठीत काही करता येतं का?

परीक्षेचं काम इंग्रजीत. सराव मात्र मराठीत जरूर करा, कारण आपल्याकडे खरे 'क्लायंट' आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे आणि जवळपास प्रत्येक मोठ्या गावात आता एखादं मंडळ, मराठी शाळा, ढोल-ताशा पथक असतं. गणेशोत्सवाचं पोस्टर, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, नाटकाच्या प्रयोगाची जाहिरात. पंधरा वर्षांच्या मुलीला समितीच्या काकांकडून "तारीख मोठी कर, प्रायोजक खाली घे" असं ऐकून घ्यावं लागतं, तेव्हा ब्रीफ म्हणजे काय ते तिला कोणी शिकवावं लागत नाही.

देवनागरीचं काम केलेलं मूल टायपोग्राफीत पुढे जातं, असा माझा अनुभव आहे. पहिल्या दिवशी बहुतेकांना एकच धक्का बसतो. अडोबीच्या प्रोग्राममध्ये 'शिक्षण' टाइप केलं तर ऱ्हस्व वेलांटी 'श'च्या आधी यायला हवी ती नंतर येऊन बसते आणि 'क्ष' फुटून क् आणि ष वेगळे होतात. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडलं की अक्षरं जागेवर येतात. दुसरी गोष्ट: इंग्रजी शीर्षकाला ऐट यावी म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवतात. मराठीत ते केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. तिसरी: ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळतात. इंग्रजीत जे आपोआप होतं ते इथे डोळे उघडे ठेवून करावं लागतं.

असेट्सच्या, म्हणजे कुठून काय आणलं त्या तक्त्याचा सरावही इथेच होतो. एका विद्यार्थिनीच्या पोस्टरची ओळ अशी होती: मुक्ता, ठळक, मुंबईच्या एक टाइपचा फॉन्ट, गूगल फॉन्ट्सवरून, ओपन फॉन्ट लायसन्स, व्यावसायिक वापराला मुभा, शीर्षकासाठी. परीक्षेत नेमकं हेच मागतात. शेजारी गणपतीचं चित्र होतं आणि त्यापुढे "इंटरनेट" एवढंच लिहिलं होतं. ते चित्र काढून तिने स्वतः काढलेलं घातलं, आणि पोस्टरला पहिल्यांदा तिचा चेहरा आला.

यात नोकऱ्या आहेत का?

आहेत, आणि ब्रिटनमध्ये तर हा मोठा उद्योग आहे. बीबीसीचा मोठा भाग २०११ पासून सॅल्फर्डच्या मीडियासिटीत आहे, चॅनेल ४ चं मुख्यालय लीड्सला आहे, ब्रिस्टलमध्ये आर्डमनचा ॲनिमेशन स्टुडिओ, लेमिंग्टन स्पा आणि गिल्डफर्डच्या आसपास गेम कंपन्या, लंडनमध्ये व्हिज्युअल इफेक्ट्स. डीएनईजीसारख्या कंपनीचं काम लंडन आणि मुंबई दोन्हीकडे चालतं. शिवाय रुग्णालयापासून नगरपालिकेपर्यंत सगळ्यांना वेबसाइट, व्हिडिओ, माहितीपत्रकं लागतात. तिथली कामं झगमगाटाची नसतात, पण स्थिर असतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. चित्रपट आणि टीव्हीत बहुतांश लोक फ्रीलान्स काम करतात. एक काम संपलं की दुसरं शोधायचं. पहिली काही वर्षं ओढगस्तीची जातात.

आपल्याकडच्या काही आजी-आजोबांना हे सगळं उपरं वाटतं. त्यांना मी दादासाहेब फाळक्यांची आठवण देते. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला, फोटोग्राफी आणि छपाईचा धंदा केलेला हा माणूस १९१२ मध्ये लंडनला आला. वॉल्टन-ऑन-टेम्सला इंग्रज चित्रपटनिर्माता सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत जाऊन त्याने काम बघितलं आणि विल्यम्सनचा कॅमेरा घेऊन परतला. पूर्ण लांबीचा चित्रपट करण्याआधी त्याने कुंडीतल्या वाटाण्याला कोंब फुटून वेल होताना टिपला, रोज थोडं थोडं चित्रण करून. भांडवल देणाऱ्याला पटावं म्हणून. आमच्या ॲनिमेशनच्या घटकात मुलं स्टॉप-मोशनचा पहिला धडा घेतात तेव्हा मी हीच गोष्ट सांगते, आणि सरेतलं वॉल्टन आमच्या मुलांना ट्रेनने जाता येईल इतक्या अंतरावर आहे हे ऐकून त्यांचे चेहरे बदलतात.

दोन वर्षांत भारतात परतलो तर?

अकरावीच्या प्रवेशाला तिथलं मंडळ परदेशी पात्रतेची समकक्षता तपासतं. त्यासाठी इंग्रजी, गणित, विज्ञान धरून किमान पाच विषय जीसीएसईचेच ठेवा आणि हा त्यांच्या वरचा धरा. म्हणजे कागदपत्रांची ओढाताण होणार नाही. परतायची तारीख इयर इलेव्हनच्या मधोमध येत असेल तर कुठल्याच दोन वर्षांच्या विषयाचा उपयोग होत नाही, मग या एकट्यावर राग काढू नका.

शिक्षण वाया जात नाही. सीबीएसईला अकरावी-बारावीत 'मास मीडिया स्टडीज' हा विषय आहे. बारावीनंतर डिझाइनकडे जायचं तर आयआयटी मुंबई घेते ती यूसीड ही प्रवेशपरीक्षा, एनआयडीची डॅट, किंवा जे. जे. या सगळ्या ठिकाणी मूल एखादा प्रश्न कसा फोडतं आणि का तसं फोडतं, हे बघतात. ती सवय लागलेली असते.

ऑप्शन्स इव्हिनिंगला शाळेत काय विचारू?

तिसरा घटक कुठला शिकवता, हे पहिलं. विषय शिकवणारे शिक्षक याच विषयाचे आहेत की रिकाम्या तासाला दिलेले, हे दुसरं, आणि हे विचारायला संकोचू नका. मागच्या मुलांचं काम बघायला मागा. सुंदर पोस्टर दाखवतील, ते बाजूला ठेवून त्याच मुलाची नियोजनाची पानं मागा. त्या पानांवर टिपणं भरगच्च असतील तर विभाग चांगला आहे. लेखी परीक्षेची तयारी कधी सुरू करता, हेही विचारा. "इयर इलेव्हनच्या मार्चमध्ये" असं उत्तर आलं तर उशीर आहे. आणि मुलाला बरोबर न्या, प्रश्न त्यालाच विचारू द्या.

फॉर्म भरल्यावर विचार बदलला तर?

इयर टेनच्या पहिल्या काही आठवड्यांत, दुसऱ्या विषयात जागा असेल आणि वेळापत्रकात बसत असेल तर बऱ्याच शाळा बदलू देतात. फोनपेक्षा हेड ऑफ इयरना ईमेल करा, बदलायचं कारण थोडक्यात लिहा, आणि मुलानेही त्यावर स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहाव्यात. ऑक्टोबरची सुट्टी उलटून गेली की बदल मिळणं फार अवघड होतं.